मागेल त्याला काम : एका हमीचा हिशेब



आपल्यापैकी जे पगारदार आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर आपली पगाराची पावती काढून पाहावी. भविष्यनिर्वाह निधी, विमा, आयकर अशा कपातींच्या रांगेत एक लहानशी रक्कम आढळेल : व्यवसाय कर, रुपये दोनशे. फेब्रुवारीत तीच रक्कम तीनशे होते, आणि वर्षाचे अडीच हजार पुरे होतात. हा कर कशासाठी कापतात, असे मी अनेक कारखान्यांच्या दारांत अनेक कामगारांना विचारले आहे. दहांपैकी नऊ जण म्हणतात, "सरकार कापते, दुसरे काय!" वस्तुतः हा कर महाराष्ट्रात १९७५ साली बसला तो एका विशिष्ट कामासाठी. खेड्यातला जो माणूस काम मागेल त्याला काम देण्याचे वचन सरकारने दिले होते, आणि त्या वचनाचा खर्च शहरातल्या पगारदाराने उचलायचा होता. म्हणजे जन्मात कधी पाझर तलावाच्या बांधावर पाय न ठेवलेला शहरातला कारकून त्या बांधाचा भागीदार झाला. भागीदाराला हिशेब मागण्याचा हक्क असतो. तो हिशेब आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रारंभीच एक कबुली दिलेली बरी. मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. परंतु या विषयाशी माझे नाते पुस्तकाच्या आधीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात मी दीड वर्षाचा होतो. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई आणि मला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकी. मला त्यातले काही आठवत नाही. पण आईने सांगितलेल्या सुकडीच्या वासाच्या आणि हातावरच्या फोडांच्या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्या माझ्याच आठवणी झाल्या आहेत. तेव्हा "सरकारी कामांनी बेकारी हटते काय?" हा प्रश्न कोणी थंडपणे विचारला, तर मला तो थंडपणे ऐकता येत नाही. मात्र ऐकता आला पाहिजे, असे माझे मत आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचाच हिशेब कठोरपणे तपासावा.

बेकारी मोजायची कशी?

शहरात बेकार माणूस ओळखू येतो. गिरणी बंद पडली, माणूस घरी बसला, तो बेकार झाला. खेड्यात तसे नाही. शेतमजूर कधी पूर्ण बेकार नसतो आणि कधी पूर्ण कामावरही नसतो. सुगीत त्याला दोन हात पुरत नाहीत. फाल्गुन-चैत्रात तेच दोन हात रिकामे लोंबतात. त्यातून त्याला घरी बसणे परवडत नाही. तो मोळी विकतो, शेळी राखतो, कुणाच्या वाड्यावर भाकरीवर राबतो. शिरगणती करणारा आला की तो "काम करतो" म्हणून सांगतो, आणि कागदावर बेकारी नाहीशी होते. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० सालीच हे स्पष्ट केले की, भारतातली बेकारी एका आकड्यात मावत नाही. ती दिवसांच्या हिशेबाने, ऋतूंच्या हिशेबाने आणि माणसांच्या थरांप्रमाणे मोजावी लागते. रोजगार हमीला न्याय द्यायचा किंवा दोष द्यायचा तर हा मुद्दा पदराला गाठ मारून ठेवावा लागतो. वर्षभराच्या नोकऱ्या निर्माण करणे हे तिचे काम कधीच नव्हते. वर्षातले रिकामे दिवस भरून काढणे, हे तिचे काम होते.

एक रत्तल धान्य

सरकारने काम काढायचे आणि उपाशी माणसाने ते करायचे, ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पण ती हमी नव्हती, परीक्षा होती. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दख्खनमध्ये रस्ते आणि तलावांची कामे निघाली. खर्च कमी करण्यासाठी आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली : दिवसभराच्या कष्टाबद्दल एक रत्तल धान्य आणि वर थोडी चिल्लर. आमच्या इतिहासात ज्याचा उल्लेख फार थोड्यांनी केला असा एक प्रसंग त्यानंतर घडला. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरील हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि ते कामे सोडून निघून गेले. भुकेल्या माणसाने संप केला! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेच त्या सभेचा आधारस्तंभ होते. तेव्हा या विषयावर वसंतातल्या व्यासपीठावरून बोलणे हा काही माझा आगाऊपणा नाही. जुन्या घरी परत येण्यासारखेच ते आहे.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांतले तत्त्व असे की, काम कष्टाचे ठेवावे आणि मजुरी कमी ठेवावी, म्हणजे ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल. गरजवंत ओळखण्याची ही युक्ती आजतागायत वापरली जाते, आणि ती अगदी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. दाखल्याच्या कागदावर खोटे बोलता येते. उन्हात आठ तास माती उचलून खोटे बोलता येत नाही. पण संहितेत एक मोठी उणीव होती. काम काढायचे की नाही हे कलेक्टर ठरवीत असे. दुष्काळ जाहीर झाला तर काम. न झाला तर मजुराने आपले नशीब पाहावे. काम ही दया होती. तिचा हक्क कसा झाला, ही महाराष्ट्राची खरी कहाणी आहे.

विसापूर ते विधिमंडळ

ही कल्पना मांडणारे गृहस्थ होते वि. स. पागे, महाराष्ट्र विधान परिषदेचे दीर्घकाळचे सभापती. १९६५ साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. खेड्यातला जो प्रौढ माणूस अंगमेहनत करण्यास तयार आहे, त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, एवढेच त्यामागचे साधे सूत्र होते. योजना म्हणून तिला १९७२ साली आरंभ झाला; परंतु त्याच वेळी आकाशाने दगा दिला.

१९७२-७३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्यापुढे मी काय वर्णन करावे? मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी होती. म्हणजे बालके, वृद्ध, शहरवासी सारे धरून दर दहा माणसांत एक माणूस सरकारी कामावर होता! पीक बुडाले, गुरे गेली, लाल मायलो खावा लागला. पण १८७७ प्रमाणे माणसे लाखांनी मेली नाहीत. याचे श्रेय कामाच्या मजुरीला आहे. हातात पैसा आला म्हणून बाजारातले धान्य खेड्यापर्यंत ओढले गेले. दुष्काळात माणूस धान्य नाही म्हणून मरतो त्यापेक्षा ते घ्यायला पैसा नाही म्हणून अधिक मरतो; आणि मजुरी ही त्या रोगावरची औषधी आहे. सरकारी कामांच्या परिणामकारकतेचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

त्या कामांनी आणखी एक गोष्ट केली. निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या जातींची माणसे एका खाणीवर आली. त्यांनी मजुरीसाठी मोर्चे काढले, मापाबद्दल भांडणे केली. जो शेतमजूर आपल्या गावात पाटलापुढे मान वर करीत नसे, तो कामावर हजारांच्या मेळाव्यात घोषणा देऊ लागला. सरकारला हे उमगले होते की, एवढ्या माणसांना पाऊस पडताच "आता घरी जा" म्हणून सांगणे सोपे नाही. पाग्यांची कल्पना होती, डाव्या पक्षांचा आणि शेतकरी-कामगारांच्या चळवळींचा रेटा होता. दोन्ही मिळून कायदा झाला. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी तो एकमताने मंजूर केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

कायदा मोठा सोपा होता. ग्रामीण भागातल्या प्रौढाने नाव नोंदवावे, काम मागावे. पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे. न मिळाले तर बेकार भत्ता. तो रोज एक रुपया! मजुरी कामाच्या मापावर, स्त्री-पुरुषांना एकच दर. खर्चाचा मोठा भाग मजुरीवरच झाला पाहिजे. यंत्रे आणि ठेकेदार दूर ठेवायचे. पैसा यायचा व्यवसाय कर, विक्रीकरावरील अधिभार, बागायत जमिनीवरील कर आदींतून, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. अमेरिकेत रूझवेल्टच्या सरकारने १९३५ ते १९४३ या काळात सार्वजनिक कामांवर सुमारे पंच्याऐंशी लाख माणसांना लावले. पण ते काम हक्क म्हणून नव्हते, तरतूद असेल तोवर होते. १८४८ साली पॅरिसमध्ये कामाचा हक्क जाहीर झाला, राष्ट्रीय कर्मशाळा निघाल्या, लाखभर माणसे आली. जूनमध्ये त्या बंद करण्याचा हुकूम निघताच रस्त्यांवर रक्त सांडले. हक्क कायद्यात लिहून आणि त्यासाठी वेगळा कर बसवून तो वर्षानुवर्षे चालविणे, हे महाराष्ट्राने केले. त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

जमेची बाजू

आता हिशेब. १९८० च्या सुमारास या योजनेवर वर्षाला सुमारे वीस कोटी मनुष्यदिवस काम होत होते. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर हे सहा-सात लाख माणसांच्या पूर्ण वर्षाच्या कामाइतके झाले. सव्वासहा कोटींच्या राज्यात ही रक्कम फार मोठी नाही, हे मान्य केले पाहिजे. पण काम आले केव्हा आणि गेले कुणाकडे, ते पाहा. ते आले शेतीत काम नसलेल्या महिन्यांत. आणि गेले भूमिहीनांकडे, कोरडवाहू शेतकऱ्यांकडे, दलित-आदिवासींकडे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी त्या काळी कामांवर जाऊन पाहणी केली. कामावर येणारे बहुतेक सारे गरिबांतले गरीब होते. आणि त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. गावात जिला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळे, तिला येथे मापाप्रमाणे बरोबरीची मिळाली. हा बदल कोणत्याही भाषणाने झाला नसता.

टीकाकार एक वाजवी प्रश्न विचारतात. सरकारी कामावर आलेला माणूस दुसरे काही काम सोडून आला असेल, तर नवे काम झाले कुठे? एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले! याचे उत्तर दोन गावांत मिळते : सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कानझरा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने या गावांतल्या कुटुंबांच्या कामाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांवरून हिशेब केला. हमीच्या कामावर मिळालेल्या दर रुपयामागे मजुरांनी दुसरीकडची कमाई सोडली ती सुमारे चार आणे. उरलेले बारा आणे निव्वळ पदरात पडले. म्हणजे ते दिवस बहुतांशी खरोखरच रिकामे होते. बेकारी कमी झाली काय, या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर हे "बारा आणे" आहे. सोळा आणे नव्हे, पण शून्यही नव्हे.

या जमेत आणखी एक रक्कम धरावी लागते, जी हजेरीपटावर लिहिली जात नाही. दुसरीकडे काम आहे हे ठाऊक असलेला मजूर मालकाशी वेगळ्या आवाजात बोलतो. संघटनेत काम करणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तथापि पुढे राष्ट्रीय कायद्याचा अभ्यास झाला तेव्हा ते आकड्यांनीही दिसले : ज्या जिल्ह्यांत कायदा आधी लागू झाला, तेथे उन्हाळी महिन्यांतली खाजगी मजुरी सुमारे पाच टक्क्यांनी वाढली होती. आंध्र आणि तेलंगणात मजुरी वाटपाची व्यवस्था सुधारल्यावर गरिबांचे उत्पन्न वाढले. त्या वाढीचा फार मोठा हिस्सा सरकारी मजुरीतून आलेला नव्हता, बाजारातल्या मजुरीतून आलेला होता. बागायतदार रोजगार हमीवर का चिडतो, आणि मजूर तिला का चिकटतो, हे या एका वाक्यात आले.

नावेची बाजू

आता जे सांगणे मला कठीण जाते ते सांगतो. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या एका खटल्यात असा निर्णय दिला की, दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे वेठबिगारच होय. महाराष्ट्रातल्या संघटनांनीही हमीच्या मजुरीसाठी जोराचा लढा दिला. १९८८ साली शेतमजुरांचे किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर हमीची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. माझ्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी गुलाल उधळला, आणि तो त्यांचा हक्कच होता.

पण त्यानंतर कामावरचे मनुष्यदिवस झपाट्याने खाली आले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून मागणी घटली, असे काहींनी म्हटले. एखाद्या वर्षाबद्दल ते पटेल. परंतु मजुरी दुप्पट झाल्यावर काम मागणारे वाढायला हवेत. येथे काम करणारे घटले आणि घटलेलेच राहिले. याचा अर्थ उघड आहे. कायदा तोच होता. पैशाची थैली मात्र मजुरीच्या प्रमाणात मोठी झाली नाही. तेव्हा कामेच कमी काढली गेली. कुणी हुकूम काढून हमी रद्द केली नाही. काम दूर काढले, उशिरा काढले, काढलेले लवकर बंद केले, पन्नास मजुरांची नावे नाहीत म्हणून सुरूच केले नाही. ज्या रॅव्हॅलियन-दत्तांनी बारा आण्यांचा हिशेब केला, त्यांनीच दाखविले की, १९८८ नंतर हमी ही हमी न राहता शिधावाटप झाली.

यावरून काही शहाणे असा निष्कर्ष काढतात की मजुरी वाढवायलाच नको होती. मला तो मान्य नाही. अर्धपोटी मजुरीवर सर्वांना काम ही टेंपलसाहेबाची हमी होय. पण आमचीही चूक झाली, हे मी आज उघडपणे म्हणतो. आम्ही दर जिंकला आणि थैलीकडे पाहिले नाही. ज्यांना काम मिळाले त्यांची मजुरी आम्ही मोजली. ज्यांना मिळाले नाही ते मोर्चात नव्हते, म्हणून मोजलेच नाहीत. गिरणी-कारखान्यांच्या युनियनमध्येही हाच दोष असतो. फाटकाच्या आतल्यांसाठी आम्ही भांडतो. फाटकाबाहेरचा आमचा सभासद नसतो. पुढे तर उलटाच प्रकार दिसू लागला : शहरातून व्यवसाय कर जमतच राहिला, कामांवरचा खर्च मात्र त्या प्रमाणात होईना. वचन दिलेल्या थैलीत पैसा होता, आणि उन्हात मजूर काम मागत होता. त्या दोघांची गाठ पडत नव्हती.

पोच

ही गाठ कोठे अडते, ते मी २००३ च्या दुष्काळात पाहिले. तालुक्याचे नाव सांगत नाही. दोष एका कचेरीचा नाही. त्रेसष्ट मजुरांचे काम-मागणीचे अर्ज घेऊन आम्ही गेलो; त्यांत चाळीसहून अधिक बाया होत्या. साहेबांनी आम्हांला बसायला सांगितले, चहा मागविला, अर्जही ठेवून घेतले. मी म्हटले, "साहेब, पोच द्या." ते हसून म्हणाले, "विश्वास नाही का आमच्यावर? आठ दिवसांत काम काढतो."

पोच म्हणजे तारखेची सही. कायद्यातले पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजायचे. पोच नाही तर मागणी नाही. मागणी नाही तर उशीर नाही. उशीर नाही तर भत्ता नाही. एवढा मोठा कायदा, दोन्ही सभागृहांचे एकमत, शहरांचा कर, सारे त्या वीतभर कागदावर तोलून होते. आम्ही पायरीवर बसून राहिलो. दुपारी एक म्हातारी मला म्हणाली, "लेकरा, कागदापायी कशाला अडून बसलास? ते काम देतो म्हणत्यात की." मी म्हटले, "आजी, ते देतो म्हणतात. आपल्याला द्यावं लागेल असं पाहिजे." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून खिडकीशी गेली आणि आतल्या माणसाला म्हणाली, "बाबा, ते सहीचं तेवढं दे. आमी जातो मग."

संध्याकाळी पोच मिळाली. सतराव्या दिवशी नालाबांधाचे काम सुरू झाले. मधल्या दोन दिवसांचा भत्ता कोणालाही मिळाला नाही, आणि खरे सांगायचे तर कामाच्या आनंदात आम्हीही तो मागायचा विसरलो. ती चूक मला अजून खुपते. दोन दिवसांचा भत्ता म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. पण तो दिला असता तर उशिराला किंमत असते हे कचेरीला कळले असते.

बांधाच्या मागचे पाणी

काम झाले, मजुरी मिळाली. पण कामातून उभे काय राहिले? पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते, वृक्षलागवड अशी लक्षावधी कामे झाली. काही पावसाळ्याबरोबर वाहून गेली. काहींच्या हजेरीपटावर मेलेली माणसे राबली, हेही खोटे नाही. पण अनेक तलावांनी विहिरींना पाणी आणले. प्रश्न असा की, विहीर कुणाची? ज्याने बांध घातला तो भूमिहीन. पाणी मुरले ते जमीनवाल्याच्या विहिरीत. या अन्यायावर उपाय शोधण्याचा एक थोर प्रयत्न याच दुष्काळातून जन्मला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार. त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगाव येथे १९७४ च्या सुमारास कामाला आरंभ केला आणि पुढे पाणी पंचायतीची पद्धत बसविली : पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटायचे, आणि भूमिहीनालाही त्यात वाटा. हा विचार हमीच्या प्रत्येक तलावाला लागू झाला असता तर काही वर्षांनी त्या गावात काम मागणारेच कमी झाले असते. १९९० पासून हमीची सांगड फळबाग लागवडीशी घातली गेली. कोकणात आंबा-काजू, कोरडवाहू मुलखात बोर-डाळिंब उभे राहिले, आणि त्यांतून नंतर कायमचा रोजगार निघाला. मात्र त्याचा लाभ घ्यायला स्वतःची जमीन लागते.

येथे आपल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर मिळते. मजुरीने आजची बेकारी हटते. उद्याची हटवायची तर आज केलेल्या कामाची मालकी कुणाची, हे विचारावे लागते. नीलकंठ रथ यांनी १९८५ साली असे दाखविले की, कर्जावर म्हैस वाटून गरिबी हटविण्यापेक्षा मजुरीचे काम देणे गरिबाच्या अधिक उपयोगी पडते. मी त्यांच्याशी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की, मजुरी देताना बांधाच्या मागच्या पाण्यातला हिस्साही लिहून द्यावा.

मागणाऱ्याचा हक्क

महाराष्ट्राचा हा धडा देशाने २००५ साली गिरवला. राष्ट्रीय कायदा झाला. दर ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवस. २ फेब्रुवारी २००६ रोजी दोनशे जिल्ह्यांत आरंभ झाला, २००८ पर्यंत सारा ग्रामीण देश त्यात आला. २०२०-२१ च्या कोरोनाच्या वर्षी, शहरांनी ज्यांना पायी घरी पाठविले त्यांना त्याच कायद्याने हात दिला : त्या एका वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. तरीही कुटुंबामागे सरासरी पन्नासच्या आसपासच दिवस पडले. शंभराचे वचन, पन्नासाची भर.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस केले. पण मजुरीचा जो खर्च पूर्वी केंद्र सोशीत असे, त्याचा चाळीस टक्के वाटा बहुतेक राज्यांवर टाकला. राज्यागणिक थैलीचा आकार केंद्राने आधी ठरवायचा असे केले. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून साठ दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद घातली. यावर माझ्या मित्रांत मतभेद आहेत. मी येथे प्रचाराला उभा नाही. मी फक्त इतिहासातले दोन प्रश्न आपल्या हाती देतो. थैली आधी शिवून ठेवली आणि दिवस वाढविले, तर १९८८ नंतर जे झाले ते टळेल काय? आणि ज्या महिन्यांत मजुराला मालकाशी भाव करता येतो नेमक्या त्याच महिन्यांत त्याचा पर्याय बंद ठेवला, तर ज्या बाजारातल्या मजुरीच्या वाढीने गरिबाचे खरे भले झाले, तिचे काय होईल? दिवसांचा आकडा मोठा असणे आणि हमी मोठी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मित्रहो, हिशेब मिटवतो. सरकारी कामांनी बेकारी मुळासकट जात नाही. ती जायची तर शेतीला पाणी, खेड्याजवळ उद्योग आणि मुलांना विद्या लागते. पण उपासमारीचे महिने भरून निघतात, बाईची मजुरी बरोबरीला येते, गावातला सबंध मजुरीचा भाव उचलला जातो आणि माणूस "नको" म्हणायला शिकतो. हे सारे केव्हा होते? काम मागणाऱ्याला पोच मिळते तेव्हा. थैली मागणीप्रमाणे वाढते तेव्हा. मजुरी वेळेवर पडते तेव्हा. आणि आपण, कर भरणारे, विचारतो तेव्हा. यांतली एक अट सुटली तरी हमीची पुन्हा दया होते, आणि दयेला आपण १८७७ पासून ओळखतो.

माझी आई गेली त्याला आता काही वर्षे झाली. तिने फोडलेली खडी ज्या रस्त्याखाली आहे त्यावरून एस.टी. धावते. त्या रस्त्याने जाताना मला वाटते, तिला काम मिळाले हे चांगलेच झाले. पण ते मागण्याचा तिला हक्क आहे, हे तेव्हा तिला कोणी सांगितले नव्हते. फेब्रुवारीत आपल्या पावतीवर तीनशे रुपये दिसतील. ते कशाचे आहेत हे आता आपल्याला ठाऊक आहे. त्यांची पोच मागा.